एकटेपण कुणाचं, निवड कुणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला आपल्याकडे धम्मावर, राज्यघटनेवर, शिक्षणावर व्याख्यान होते. यंदा समितीने आम्हाला साहित्यावर बोलायला सांगितले, आणि विषयही जड दिला: आधुनिक साहित्यातील अस्तित्ववाद, एकटेपण आणि नैतिक निवड. विषय ऐकून आमच्या खात्यातला एक सोबती म्हणाला, "भाऊ, हे खायचं का प्यायचं?" त्याचे काही चुकले नाही. आम्ही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभे राहून पोट भरणारी आम्ही माणसे. शाळा लवकर सुटली, पण पुस्तके सुटली नाहीत. पाळी संपल्यावर जे मिळेल ते वाचले, समजेल तेवढे घेतले. आज त्यातलेच चार दाणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिल्यांदा हा अस्तित्ववाद काय आहे ते बघू. फ्रान्समध्ये ज्याँ पॉल सार्त्र नावाचा लेखक आणि विचारवंत होऊन गेला. १९६४ साली त्याने नोबेल पारितोषिक नाकारले, म्हणून त्याचे नाव पुष्कळांच्या कानावर असेल. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याने पॅरिसमध्ये एक व्याख्यान दिले आणि आपला विचार साध्या भाषेत मांडला. काळ लक्षात घ्या. महायुद्ध नुकतेच संपले होते. फ्रान्स चार वर्षे जर्मनांच्या टाचेखाली राहून सुटला होता. त्या चार वर्षांत तिथल्या प्रत्येकाला रोज ठरवावे लागले होते, की गप्प बसायचे, चुगली करायची, की लढणाऱ्याला घरात लपवायचे? तेव्हा हा विचार आरामखुर्चीत बसून केलेला आहे असे कुणी समजू नये.

सार्त्र उदाहरण देतो कागद कापायच्या सुरीचे. ती सुरी घडवणाऱ्याच्या डोक्यात आधी तिचा उपयोग असतो, मग सुरी तयार होते. आम्ही गिरणीतले उदाहरण देतो. बॉबिन बनवायच्या आधीच तिच्यावर सूत गुंडाळायचे हे ठरलेले असते. बॉबिनला कुणी विचारत नाही, बाई, तुला काय व्हायचं आहे? माणसाचे तसे नाही, असे सार्त्र म्हणतो. माणूस आधी जन्माला येतो, आणि मग आपल्या करणीने तो कोण आहे हे घडवतो. म्हणून तो मोकळा आहे, आणि मोकळा आहे म्हणून जबाबदारही आहे. "माझ्या नशिबातच होतं" असे म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

त्याच व्याख्यानात त्याने एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. त्या पोराचा थोरला भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेला होता. घरात आई एकटी, तिला या पोराचाच आधार. पोराला वाटे, देश सोडून निघावे आणि स्वातंत्र्याच्या फौजेत भरती व्हावे. आईजवळ राहावे की लढायला जावे? तो विचारायला आला. सार्त्रने त्याला कुठल्याही ग्रंथातले उत्तर दिले नाही. तू मोकळा आहेस, निवड कर, एवढेच म्हटले. कारण दोन्ही बाजूंना धर्म होता आणि दोन्ही बाजूंना घाटा होता. अशा वेळी माणूस खरोखर एकटा असतो.

आता हा विचार आपल्या मातीत आणला तर काय होते? आपल्या देशात हजारो वर्षे माणसाला बॉबिन समजले गेले. जन्मायच्या आधीच त्याचे काम ठरलेले. हा झाडील, हा ढोरं ओढील, हा येसकरकी करील, आणि तो नुसता बसून मंत्र म्हणील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात दाखवून दिले, की जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. म्हणून आमचे म्हणणे असे, की पॅरिसच्या माणसाला हा विचार नवा वाटला असेल, पण ज्याला जन्माच्या शिक्क्याने बांधले होते त्याला तो जिवाभावाचा वाटायला हवा. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ते करून दाखवले. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्म पारखण्यात घालवली. एका माणसाने केलेली याहून मोठी आणि याहून विचारपूर्वक निवड आम्हाला माहीत नाही.

आता मराठी साहित्याकडे वळू. १९६३ हे साल ध्यानात ठेवा. त्या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तके आली, आणि दोन्ही एकट्या माणसाची आहेत.

पहिले भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी. नेमाडे आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. म्हणजे आपल्या सोयगावाहून फार लांबचे नव्हेत. पुढे २०१४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावाहून पुण्याला कॉलेजात जातो. वसतिगृहात राहतो, पैसा उडवतो, मित्र जोडतो, पण कशातच त्याचे मन लागत नाही. धाकटी बहीण मरते तेव्हा तर जगण्याचा अर्थच हरवतो. शेवटी परीक्षेत नापास होऊन तो गावी परत येतो. मराठीतली अस्तित्ववादी कादंबरी म्हणून समीक्षक तिचे नाव घेतात. आम्ही तिला हसणार नाही. पांडुरंगाचे दुःख खरे आहे. शिकायला शहरात गेलेल्या खेड्यातल्या कितीतरी पोरांनी त्यात स्वतःला पाहिले.

दुसरे पुस्तक बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. बागुल १९३० साली नाशिकजवळ विहितगावला जन्मले आणि मुंबईच्या कामगार वस्तीत वाढले. ज्या कथेचे नाव पुस्तकाला दिले आहे, तिच्यातला तरुण गुजरातेत उधना इथे रेल्वेत नोकरीला लागतो. जात विचारली जाते तेव्हा तो ती लपवतो. तिथेच काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा कामगार आहे. तो आपलाच, आणि तो जात उघड सांगून सगळ्यांशी दोन हात करतो. एकाने लपवले, दुसऱ्याने सांगितले. दोघेही एकटे. शेवटी लपवणाऱ्याची जात उघडी पडते, त्याला बेदम मारहाण होते, आणि वाचवायला धावून येतो तो काशिनाथच. मार खाल्लेला तरुण मात्र मारणाऱ्या हातांवर थांबत नाही. त्याची नजर त्या हातांमागच्या मनूपर्यंत जाते.

आता ही दोन एकटेपणे शेजारी ठेवून बघा. पांडुरंगाला जगात आपला अर्थ सापडत नाही. बागुलांच्या तरुणावर जगाने त्याचा अर्थ आधीच ठोकून बसवला आहे. पांडुरंग हरून आला तरी बापाचे घर आहे, शेत आहे, दार उघडे आहे. या तरुणाला भाड्याच्या खोलीचे दारही आडनाव सांगून उघडावे लागते. एक गर्दीतून आपण होऊन बाहेर पडला आहे, दुसऱ्याला गर्दीने बाहेर ठेवले आहे. साहित्याच्या पुस्तकांत 'आधुनिक माणसाचे एकटेपण' असा शब्द येतो, तेव्हा आम्ही नेहमी विचारतो: कोणत्या माणसाचे?

असेच दुसरे उदाहरण. आल्बेर काम्यू हा फ्रेंच लेखक १९१३ साली अल्जीरियात जन्मला. बाप पहिल्या महायुद्धात १९१४ साली गेला. आई निरक्षर, लोकांच्या घरची साफसफाई करून लेकरं वाढवणारी. लुई जर्मां नावाच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांनी पोराला पुढे शिकवा म्हणून आग्रह धरला. १९५७ साली नोबेल मिळाल्यावर काम्यूने आईच्या पाठोपाठ या मास्तरांची आठवण काढली आणि त्यांना पत्र लिहिले. धुणीभांडी करणाऱ्या मायबहिणी इथे बसल्या आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काम्यूची १९४२ सालची प्रसिद्ध कादंबरी 'द आउटसायडर', म्हणजे उपरा. तिचा नायक मर्सो आईच्या मातीला रडत नाही. पुढे समुद्रकिनाऱ्यावर तो एका अरबाला गोळ्या घालतो. खटला चालतो, पण कोर्ट खुनापेक्षा तो आईसाठी रडला नाही यावरच जास्त बोट ठेवते. समाजाच्या ढोंगावर हा मोठा घाव आहे. पण आम्ही वाचताना एका जागी अडलो. ज्याचा खून झाला त्या अरबाला अख्ख्या कादंबरीत नाव नाही. मारणाऱ्याच्या एकटेपणावर जगभर ग्रंथ निघाले, मरणारा बिननावाचा राहिला. पुढे २०१३ साली कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने त्या मेलेल्या माणसाच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली आणि त्याला मूसा हे नाव दिले. सत्तर वर्षांनी का होईना, गाडलेल्याला नाव मिळाले.

आपल्याकडे 'उपरा' हेच नाव लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला दिले. कैकाडी समाजाचे बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव फिरणारे घर. मर्सो गावात राहून उपरा झाला. मान्यांच्या माणसांना गावच नाही. तिकडे ज्याला तत्त्वज्ञान म्हणतात ते इकडे रोजचे बिऱ्हाड आहे.

दलित साहित्याने या एकटेपणाचे पुढे काय केले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ सालचे. त्यात शिकून शहाणा झालेला दया आणि वस्तीतला दगडू असे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसतात, आणि दगडू दयाला आपली कहाणी सांगतो. नोकरी लागून शहरात गेलेल्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावे. आपला आपल्याशीच अबोला कसा पडतो ते त्यात आहे.

नारायण सुर्वे यांना तर जन्मतःच टाकून दिलेले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते पोर उचलले, घरी नेले, आपले नाव दिले. जगात कुणी नसण्याचे दुःख या माणसाइतके कुणाला ठाऊक असणार? पण त्यांच्या कवितेत गिरणी, कामगार, रस्ता, चाळ अशी माणसांची जत्रा भरली आहे. 'माझे विद्यापीठ' हा त्यांचा १९६६ सालचा संग्रह. रस्त्यावर सापडलेल्या माणसाने रस्त्यालाच विद्यापीठ केले. गिरणी कामगार म्हणून आम्हाला याचा अभिमान वाटतो.

आणि बेबीताई कांबळे. फलटणला छोटे दुकान चालवता चालवता त्यांनी आपल्या समाजाची कहाणी वह्यांत लिहिली, आणि त्या वह्या घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवल्या. १९८६ साली पुस्तक निघाले, 'जिणं आमचं'. लपून, एकटीने लिहिले, पण नाव 'माझं जिणं' असे दिले नाही. 'आमचं' म्हटले. हा एक शब्द आम्हाला फार शिकवून गेला.

आता तुम्ही म्हणाल, विहारात उभे राहून नुसत्या कथा-कादंबऱ्या सांगता, तथागतांचे काय? तर एकटेपण आणि निवड यांची सर्वांत मोठी गोष्ट ज्या ग्रंथात आम्हाला सापडली, तो ग्रंथ आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म', त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही जुनी कथा बाबासाहेबांनी मानली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याची गोष्ट सांगितली. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून भांडण. शाक्य संघाच्या सभेत सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो, आधी दोन्ही बाजूंचा दोष तपासा म्हणतो. मतदान होते आणि ठराव मोठ्या बहुमताने मंजूर होतो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीची गोष्ट निघते, तेव्हा तो पुन्हा उभा राहतो आणि आपण लढणार नाही असे सांगतो.

मग सेनापती धाक घालतो. फाशी किंवा हद्दपारी दिली तर कोसल राजाच्या कानावर जाईल, पण संघ तुझ्या घराण्यावर सामाजिक बहिष्कार घालू शकतो, तुमची शेती जप्त करू शकतो. मायबहिणींनो, हा शब्द कानाला ओळखीचा वाटतो ना? गावचा बहिष्कार! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सभेत बाबासाहेबांना आपला गाव दिसला. सिद्धार्थ म्हणतो, गुन्हेगार मी आहे, माझ्या आईबापाला शिक्षा नको, मीच देश सोडून परिव्राजक होतो. यशोधरा त्याला अडवत नाही, त्याच्या निर्णयाच्या पाठीशी उभी राहते. पुढे एक दिवस त्याला वाटेत बातमी मिळते, की शाक्य-कोलीयांचे भांडण मिटले, आता घरी जायला हरकत नाही. इथे दुसरी निवड येते. पहिल्या वेळी परिस्थितीने कोंडले होते, या वेळी वाट मोकळी आहे. तरी तो परतत नाही, कारण एक भांडण मिटले तरी माणसामाणसांतला झगडा संपलेला नाही, आणि त्याचे मूळ शोधायचे आहे. सभेत एकटा पडलेला तो माणूस शेवटी संघ स्थापन करतो. एकटेपण कुठे न्यायचे, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हाला दुसऱ्या पुस्तकात मिळाले नाही.

आज बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. २०१६ चा हा कायदा २०१७ पासून लागू झाला. पण कायद्याला साक्षीदार लागतो, आणि साक्षीला उभा राहणारा माणूस पुन्हा एकटाच असतो.

याच्यावरून एक घडलेली हकिगत सांगतो. एका गिरणीत, नाव घेत नाही, कार्डिंग खात्यात एका कंत्राटी पोराची बोटे गेली. चालू मशीन साफ करायला लावली होती. वरच्यांनी कागद तयार केला, की मशीन बंद होती, पोराने आपल्या मनाने चालू केली. साक्षीदार म्हणून सह्या घ्यायला सुरुवात झाली. आम्ही दुसऱ्या पाळीला होतो, आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळले. बाकीच्यांनी सह्या केल्या. त्यांनाही शिव्या देऊ नका, प्रत्येकाच्या घरी चूल आहे. झाडलोट करणारी एक बाई मात्र अंगठा द्यायला तयार झाली नाही. "मशीन चालू होती, मी डोळ्यानं पाहिलं," एवढेच ती म्हणत राहिली. आठवड्यात तिचे काम सुटले. तिने सार्त्र वाचला नव्हता, काम्यू वाचला नव्हता. पण जे पॅरिसच्या व्याख्यानात सांगितले ते तिने एका अंगठ्यात करून दाखवले.

पुढचे ऐका. ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. सुरुवातीला तिच्या दारात कुणी गेले नाही. मग वस्तीतल्या चार बायकांनी धान्य गोळा केले, युनियनच्या पोरांनी तिचा जबाब लिहून घेतला, आणि तिचे पाहून सह्या करणाऱ्यांपैकी दोघे खरे सांगायला पुढे आले. बोटे गेलेल्या पोराला भरपाई मिळायला वर्षे लागली, पण मिळाली. निवड तिने एकटीने केली. तिचा भार मात्र नंतर पुष्कळांनी वाटून घेतला, म्हणून ती टिकली.

काम्यूच्या 'द प्लेग' या १९४७ सालच्या कादंबरीतही हेच आहे. साथीमुळे शहराच्या वेशी बंद होतात. परगावचा एक पत्रकार पळून जायची खटपट करतो, आणि जायची वेळ येते तेव्हा आपण होऊन थांबतो, रोग्यांची सेवा करतो. आपल्याकडे २०२० साली वेशी बंद झाल्या तेव्हा काय झाले ते आपल्या जिल्ह्याने पाहिले. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रेल्वे रुळावरून पायी घराकडे निघाले होते. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ थकून रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळावर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. घराकडे चालत निघणे एवढीच निवड ज्यांच्या हातात उरली होती, त्यांचे एकटेपण कुठल्या वादात बसवायचे?

तरुण मित्रांनो, आता शेवटचे, आणि हे तुमच्यासाठी. सोयगाव तालुक्यातून तुम्ही वाळूजला जाता, चाकणला जाता, सुरतेला जाता. खोली बघायला गेलात की घरमालक गोड हसून विचारतो, "पूर्ण नाव काय?" त्याला नाव नको असते, आडनाव हवे असते. तुमच्यातले काही जण अर्धेच नाव सांगतात, काही जण भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावत नाहीत. बागुलांची कथा १९६३ साली छापली गेली, आणि अजून ती जुनी झाली नाही. याची लाज तुम्हाला नको, विचारणाऱ्याला वाटली पाहिजे.

लपवावे की सांगावे? सार्त्रसारखे आम्हीही म्हणू, निवड तुमची आहे. परक्या गावात रात्री डोके टेकायला जागा हवी, हे इथे माईकसमोर उभे राहून विसरणे सोपे आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लपवताना आपण आपल्याच आत एक पहारेकरी बसवतो. तो रात्रंदिवस जागा असतो, आणि त्याचा पगार आपल्याच जिवातून जातो. दुसरी गोष्ट, तुमच्याच कारखान्यात एखादा काशिनाथ असेल, उघड नाव सांगून त्रास सोसणारा. सांगणाऱ्याने लपवणाऱ्याला भेकड म्हणू नये, आणि लपवणाऱ्याने त्याला पाहून तोंड फिरवू नये.

विहार समितीला आमच्या दोन सूचना आहेत. आज ज्या पुस्तकांची नावे घेतली ती विहाराच्या कपाटात असावीत, आणि वर्षावासात ग्रंथवाचन होते तसे महिन्यातून एका रविवारी यातले एक प्रकरण मोठ्याने वाचावे, म्हणजे ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्याही कानावर पडेल. दुसरी सूचना अशी, की वस्तीतला कुणी खरे बोलल्यामुळे एकटा पडला, कामावरून निघाला, गावाने तोडला, तर त्याच संध्याकाळी विहारातून दोन माणसांनी त्याच्या घरी जावे. भाषण करायला नाही, नुसते चहा घेऊन बसायला. ठरवायचे त्याने एकट्याने ठरवले, पण निस्तरायला तो एकटा राहू नये, एवढे आपण नक्की करू शकतो.